गुऱ्हाळातला ‘ऱ्ह’

लातूरच्या ट्यूशन एरियात संध्याकाळी एक बॅच सुटते आणि दुसरी भरते, तेव्हा रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. मेसचे डबे, सायकली, पाठीवरच्या सॅका, आणि झेरॉक्सच्या दुकानापुढं ‘दादा, माझं आधी’ म्हणत रेटारेटी करणारी लेकरं. त्या दुकानांतल्या काचेवर जी पानं पालथी पडतात, त्यांतली बरीचशी जीवशास्त्राची असतात. पानभर इंग्रजी मजकूर आणि अवघड शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीनं बारीक नागरी अक्षरांत लिहिलेला उच्चार. ‘झायलेम’. ‘इसोफॅगस’. ‘प्लॅटिहेल्मिन्थिस’. औसा, निलंगा, मुखेड, कंधार, किनवट अशा तालुक्यांतून आलेल्या कित्येकांनी दहावीपर्यंत विज्ञान मराठीतून वाचलेलं असतं. अकरावीला तेच एकाएकी इंग्रजीत सुरू होतं. राज्यात २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी आलं, सेमी-इंग्रजीचे वर्ग खेड्यापाड्यांत गेले, तरी क्लोरोफिलमध्ये एच कुठं आणि एल किती, हा प्रश्न काही मिटलेला नाही.

वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेच्या पेपरात स्पेलिंगला कुणी विचारत नाही. १८० प्रश्न, ७२० गुण, त्यांतले निम्मे जीवशास्त्राचे, आणि सगळं काम गोल काळे करण्याचं. पण बारावी बोर्डाचं उत्तर हातानं लिहावं लागतं, पुढं एमबीबीएसला तर पानंच्या पानं. शिवाय गोल काळा करतानाही ‘हायपो’ आणि ‘हायपर’ शेजारशेजारच्या पर्यायांत मांडी घालून बसलेले असतात. घाईत डोळा चुकला की चार गुण हातचे जातात आणि वर एक कापला जातो.

स्पेलिंग पाठ करण्याची मराठी शाळांत एक जुनी रीत आहे, कुठल्याच पुस्तकात न लिहिलेली. जे अक्षर बोलायचं नसतं, तेच ठासून बोलायचं. नाइफला ‘कनाईफ’, वेन्सडेला ‘वेड-नेस-डे’, न्यूमोनियाला ‘पनेऊमोनिया’. सर हसतात, इंग्रजी माध्यमाची मुलं जरा जास्तच हसतात. खरं तर हसण्यासारखं त्यात काही नाही. हजार वर्षांपूर्वीचे इंग्रज चाकूला ‘क्नीफ’ असंच म्हणत, क चांगला वाजवून. वेन्सडे हा वोडन देवाचा वार. त्यातला ड तेव्हा ऐकू येत होता. आणि ग्रीक माणूस फुप्फुसाला ‘प्नेउमोन’ म्हणताना प गिळत नव्हता. पुढं इंग्रजांना शब्दाच्या सुरुवातीचे प्न, प्स, प्त जड जाऊ लागले, म्हणून बोलण्यातला प गळाला. लिहिण्यातला मात्र तसाच राहिला. स्यूडोपोडिया, सायकॉलॉजी, टेरिडोफायटा या सगळ्यांच्या दाराशी तो मुका पी उभा आहे. ‘स्वप्न’ आणि ‘तप्त’ रोज बोलणाऱ्याला त्याचं एवढं भय वाटायचं कारण नाही. झेडपीच्या शाळेतलं पोरगं स्पेलिंग घोकता घोकता नकळत दोन हजार वर्षं मागं जातं आणि बरोबर उच्चार करतं.

तर मग पेन्सिलीनं शब्दाच्या डोक्यावर इंग्रजी उच्चार लिहिण्याऐवजी ग्रीक मूळच नागरीत लिहिलं तर? क्लोरोफिल घ्या. ‘ख्लोरोस’ म्हणजे हिरवट, ‘फ्युल्लोन’ म्हणजे पान. आता अक्षरं मोजा. ख आहे, म्हणून सी-एच. फ आहे, म्हणून पी-एच. ‘यु’ आहे तिथं वाय. ल्ल आहे, म्हणून दोन एल. स्पेलिंग झालं. पाठ करायला काही उरलंच नाही.

हे जमतं याला कारण आहे. जुन्या ग्रीकमध्ये क-ख, त-थ, प-फ अशा आपल्यासारख्याच जोड्या होत्या. लॅटिनमध्ये ख, थ, फ नव्हते. रोमन लोकांनी ग्रीक शब्द उचलले तेव्हा हकार दाखवायला त्यांनी प्रत्येक अक्षरापुढं एक एच बसवला. मुखेडच्या पाटीवर रोमन लिपीत के-एच आणि भोकरच्या पाटीवर बी-एच असतो, तो याच युक्तीनं. इंग्रज मुलाला थिअरी, फॉस्फरस, क्रोमोझोम यांतला एच नुसता घोकावा लागतो, कारण त्याच्या भाषेत प आणि फ ही वेगळी अक्षरंच नाहीत. मराठी मुलाला बाराखडीपासून तो फरक ठाऊक असतो. या बाबतीत लंडनच्या पोरापेक्षा लोह्याचं पोरगं पुढं आहे, हे त्याला कुणी सांगत नाही एवढंच.

फ ची गंमत तर चालू काळातली आहे. ग्रीकांचा फ मूळचा आपल्या ‘फळ’मधला, दोन्ही ओठ मिटून काढलेला. काही शतकांत तो घासत घासत वरचे दात खालच्या ओठावर टेकवून काढलेला झाला, ‘फोटो’मधल्यासारखा. आज मराठीत डोळ्यांदेखत तेच चाललं आहे. शहरांतली कॉलेजची मुलं ‘फार’ आणि ‘फुकट’ म्हणताना दात ओठावर टेकवतात. उच्चार बदलला, अक्षर तेच. म्हणून इंग्रजीत ज्या फ ला पी-एच लागतो तो शब्द बहुतेक वेळा ग्रीक निघतो: फ्लोएम, फॅगोसाइट, फोटोसिंथेसिस. एफ लागतो तो लॅटिन किंवा घरचा: फंगस, फीमर, फ्लॅजेलम, फायबर. ओळखायचं कसं? सांधा पाहावा. ग्रीक शब्द ‘ओ’नं जुळतात, जसे फोटो, हायड्रो, सायटो, लॅटिन बहुधा ‘आय’नं, जसे मल्टि, कार्नि. अपवाद सापडतील, पण रात्री अकरा वाजता उजळणी करणाऱ्याला एवढंही पुष्कळ झालं.

वाय हे अक्षरसुद्धा असंच परगावाहून आलेलं आहे. इ आणि उ यांच्या मधला एक स्वर ग्रीकांकडं होता, रोमनांकडं नव्हता. म्हणून त्यांनी ते अक्षरच उसनं घेतलं. स्वर कधीच गेला, खूण उरली. सायटोप्लाझम, एन्झाइम, ग्लायकोलिसिस, झायलेम यांत आय न येता वाय येतो तो त्यामुळं. लातूरच्या बाजार समितीत ज्याच्या भावाकडं सगळ्यांचं लक्ष असतं त्या सोयाबीनचं शास्त्रीय नाव ग्लायसीन मॅक्स. ‘ग्लुक्युस’ म्हणजे गोड. तेच मूळ ग्लुकोजमध्ये यू घेऊन बसलं आहे, कारण तो शब्द फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांच्या हातून आला.

मराठीत ऋ आणि ष यांची गत या वायसारखीच आहे. ‘कृषी’ आणि ‘क्रुशी’ कानाला एकच. पण दुसरं लिहिलं की वहीवर लाल रेघ. शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला, तत्सम आहे, म्हणून. मराठी साहित्य महामंडळानं १९६२ साली केलेले आणि सरकारनं स्वीकारलेले लेखननियम पाहिले तर पावलोपावली हाच प्रश्न उभा असतो: शब्द कुठला? गरीब, वकील, फूल, मीठ यांत शेवटून दुसरा स्वर दीर्घ, कारण ते तत्सम नाहीत. विष, गुण, मंदिर, चतुर यांत ह्रस्व, कारण ते आहेत. म्हणजे ‘वकील’ची वेलांटी लिहिण्याआधी त्याचं मूळ अरबीत आहे की संस्कृतात, हे ठाऊक हवं. (खुद्द ‘ह्रस्व’ हा शब्द अर्धा महाराष्ट्र ‘ऱ्हस्व’ असा लिहितो, ही वेगळीच मौज.) अमेरिकेत १९२५ पासून राष्ट्रीय स्पेलिंग बी ही स्पर्धा भरते. तिथं स्पर्धकाला शब्द ऐकल्यावर तो मूळ कोणत्या भाषेतला, हे विचारण्याची मुभा असते आणि मुरलेली मुलं ती कधी सोडत नाहीत. १९८५ साली बालू नटराजन जिंकला आणि पुढं भारतीय घरांतल्या मुलांचा तिथं दबदबा झाला. २०१९ साली एकदम आठ संयुक्त विजेते झाले, त्यांत सोहम सुखटणकर होता. जो प्रश्न तिथं टाळ्या मिळवून देतो, तोच आपल्याकडं पाचवी-सहावीच्या शुद्धलेखनाच्या तासाला मुकाट्यानं सुटत असतो. घंटा झाली, मराठीचे सर गेले, इंग्रजीचे आले, की तो प्रश्नही वर्गाबाहेर जातो.

आता डायरिया. या शब्दानं जेवढे पेपर रंगले असतील तेवढी आजारानं माणसं हैराण झाली नसतील. डी-आय-ए इथवर ठीक, पुढं आर-आर-एच-ओ-ई-ए. दोन आर, मग एच? ग्रीकमध्ये शब्दाच्या सुरुवातीला येणारा र श्वासासकट उच्चारला जायचा, र आणि ह एकत्र. लॅटिनमध्ये तो आर-एच असा लिहिला गेला: राइझोम, राइनोसेरॉस. अलीकडं स्वर आला की त्या र चं द्वित्व व्हायचं, म्हणून आर-आर-एच. मराठीला हा र्-ह चा संसार नवा नाही. तऱ्हा, बिऱ्हाड, कऱ्हाड, गुऱ्हाळ. लातूरकडं ऊस आहे तिथं गुऱ्हाळ आहे, आणि गुऱ्हाळ लिहिताना ऱ्ह ची कोयरी काढण्यात एकही लेकरू चुकत नाही. डायरियाच्या पोटात तो ऱ्ह ठेवावा, म्हणजे एच हरवत नाही. शेवटचा ओ-ई सुद्धा उगाच नाही. ‘रोइया’ म्हणजे वाहणं. ओइ आला की ओ-ई, आइ आला की ए-ई. ‘हाइमा’ म्हणजे रक्त, म्हणून हिमोग्लोबिनमध्ये ए-ई. ‘ओइसोफागोस’ म्हणजे अन्ननलिका, म्हणून तिथं ओ-ई. अमेरिकेत हे जोडस्वर छाटून नुसता ई ठेवतात. आपली पाठ्यपुस्तकं ब्रिटिश वळणाची, आणि मोबाइलवरचे व्हिडिओ अमेरिकी; मुलांचा गोंधळ होतो तो इथं.

त्या ‘रोइया’चं आपल्या ‘स्रवणे’शी रक्ताचं नातं आहे. मुळातला स ग्रीकमध्ये झडला आणि त्याचा ह झाला. सप्तचं हेप्टा होतं ते तसंच. आणि फारसीतही तेच घडल्यामुळं सप्ताहाचा हप्ता झाला, जो मराठवाड्यात दर महिन्याला बँकेत भरावा लागतो.

जोडाक्षरांचाही एक न्याय दोन्हीकडं सारखा आहे. हकारयुक्त अक्षर दुप्पट झालं तर पहिलं साधं राहतं. बुद्धी, स्वच्छ, पत्थर. त्याच न्यायानं ‘फुप्फुस’ बरोबर आणि ‘फुफ्फुस’ चूक, जरी दवाखान्यांच्या पाट्यांवर दुसरंच जास्त दिसतं. ग्रीकमध्ये हेच होतं, म्हणून सफायरमध्ये पी-पी-एच आणि उसाच्या शास्त्रीय नावात, म्हणजे सॅकरममध्ये, सी-सी-एच. हा शेवटचा शब्द तर आपल्याकडूनच गेलेला. संस्कृतात शर्करा, पालीत सक्खरा, ग्रीकमध्ये साक्खारोन, लॅटिनमध्ये सॅकरम. पालीतला क्ख वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसनं दिलेल्या नावात जसाच्या तसा बसला आहे.

पण सगळ्यांत मोठी गोष्ट पाठ्यपुस्तकातच पडून आहे. बालभारतीच्या आठवीच्या पेशीच्या धड्यात मायटोकाँड्रियाला ‘तंतुकणिका’ म्हटलं आहे. ‘मितोस’ म्हणजे धागा, ‘खोन्द्रिओन’ म्हणजे बारीक कण. मराठी शब्द हा ग्रीक शब्दाचा अक्षरशः तर्जुमा आहे. व्हॅक्युओल म्हणजे रिक्तिका. लॅटिन ‘व्हॅकुउस’ म्हणजे रिकामा, म्हणून व्हॅक्यूमसारखाच इथंही यू, फक्त व्हॅक्यूमला दोन. रेटिक्युलम म्हणजे छोटं जाळं, म्हणून आंतर्द्रव्यजालिका. क्लोरोप्लास्टला हरितलवक म्हणतात, आणि ‘ख्लोरोस’ व ‘हरित’ तर मुळातून एकच. दहावीच्या प्राण्यांच्या वर्गीकरणात आर्थ्रोपोडा आहेत संधिपाद: ‘आर्थ्रोन’ म्हणजे सांधा, आणि ‘पोद’ म्हणजे आपला पादच. आजीला संधिवात आहे आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर आर्थ्रायटिस लिहिलं आहे, तोही हाच सांधा. एकाइनोडर्माटा म्हणजे कंटकचर्मी. ‘एखिनोस’ हा काटेरी प्राणी आणि ‘दर्मा’ कातडी. त्यातला ख दिसला की सी-एच विसरत नाही. प्लॅटिहेल्मिन्थिस हे नाव ऐकून अर्धा वर्ग खाली मान घालतो. पण ‘प्लातुस’ म्हणजे चपटा, ‘हेल्मिन्थ’ म्हणजे कृमी, आणि चपटे कृमी तर दहावीला पाठ झालेलेच असतात.

म्हणजे मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला ग्रीक मुळांचे अर्थ आधीच येतात. तिनं दोन-तीन वर्षं ते मराठीतून घोटलेले आहेत. अकरावीला तिला सांगितलं जातं की आता मराठी विसरा, ते शब्द कामाचे नाहीत. आणि ती बिचारी खरोखरच विसरते. परिभाषा करणाऱ्या मंडळींवर आपण ‘बोजड शब्द’ म्हणून इतकी वर्षं हसलो; त्यांनी केलेली आंतर्द्रव्यजालिका हा इंग्रजी नावाचा चोख नकाशा आहे, हे कुणी पाहिलंच नाही.

उपसर्गांचं तर विचारूच नये. नांदेडच्या पोराला उपजिल्हाधिकारी आणि उपसरपंच माहीत असतात. उप म्हणजे खालचा. ग्रीक ‘हुपो’ तोच. ‘हुपेर’ म्हणजे उपरि, वरचा. हायपोटेन्शन म्हणजे रक्तदाब खाली आणि हायपरटेन्शन म्हणजे वर, हे एकदा उपसरपंचाशी जुळलं की पर्याय चुकत नाही. आणि दोन्हींत एच-वाय. ‘पेरि’ म्हणजे परि: पेरिमीटर आणि परिमिती हे शब्द मुळांसकट जुळे आहेत, कारण मीटरमागचं ‘मेत्रोन’ आणि आपलं ‘मात्रा’ही एकाच धातूचे. नकाराचा अ स्वरापुढं अन् होतो, हे आपण अज्ञान पण अनावश्यक, अशुद्ध पण अनादि असं म्हणत रोज पाळतो. ग्रीकमध्येही नेमकं हेच. म्हणून ॲनएरोबिकमध्ये एन. डिसेंट्री म्हणजे ‘दुस्’ अधिक ‘एन्तेरोन’. दुष् आणि आंत्र. आतड्याचं दुखणं. त्यात वाय येतो, आणि टी नंतर ई सुद्धा येतो, जो निम्म्या उत्तरपत्रिकांत गायब असतो. एरिथ्रोसाइट म्हणजे तांबडी रक्तपेशी, ‘एरुथ्रोस’ म्हणजे लाल, आपला रुधिर. लालभडक फुलांच्या पांगाऱ्याला एरिथ्रिना म्हणतात ते त्यावरूनच. प्लीहा आणि स्प्लीन, यकृत आणि ‘हेपार’ यांचंही गोत्र एक. भाषापंडित विल्यम जोन्सनं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका मुळातून निघाल्या असाव्यात असं म्हटलं ते फेब्रुवारी १७८६ मध्ये. ही बातमी बारावीच्या वर्गापर्यंत पोचायला अजून वेळ आहे.

लॅटिनचं मुख्य दुखणं म्हणजे डबल अक्षरं. ट्यूशन एरियात होस्टेलचे फ्लेक्स पाहावेत. अकॉमोडेशन एका एमचं, एका सीचं, क्वचित दोन्हींचं. बरोबर लिहिलेलं शोधावं लागतं. हा शब्द म्हणजे ‘अद्’ अधिक ‘कोम्’ अधिक ‘मोद्’. अद् मधला द पुढच्या क मध्ये मिसळतो, म्हणून सी दोन. कोम् चा म आणि मोद् चा म समोरासमोर येतात, म्हणून एम दोन. सत् अधिक जन सज्जन, उत् अधिक लेख उल्लेख, हेच ना? इन् अधिक रेग्युलर इरेग्युलर, दोन आर. अद् अधिक सिमिलेशन ॲसिमिलेशन, दोन एस. व्यंजनसंधी नववी-दहावीला दोन मार्कांसाठी पाठ केली जाते आणि पेपर झाल्यावर सोडून दिली जाते. ती इथं कामाला यायची होती.

एवढं सगळं असलं तरी मुळांवर डोळे झाकून विसंबण्यात धोका आहे, आणि तो विद्वानांनीच निर्माण केलेला आहे. इंग्रजीत कर्जाला डेट म्हणतात. फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हता. लॅटिन ‘देबितुम’ची आठवण राहावी म्हणून पंडितांनी तो मागाहून घुसवला. बेटाच्या स्पेलिंगातला एस तर निव्वळ चुकीचा, कारण आयलंडचा लॅटिन ‘इन्सुला’शी काही संबंध नाही. फीटसमध्ये ओ-ई लिहिण्याची ब्रिटिश सवयही अशीच. मूळ लॅटिन शब्दात ओ नाहीच.

मराठीनं या बाबतीत उलटी वाट धरली. १९६२च्या नियमांनी न उच्चारले जाणारे सगळे अनुस्वार पुसून टाकले. त्याआधीच्या पुस्तकांत नांव, पांच, दांत असं छापलेलं सापडतं. दांतावरचं ते टिंब म्हणजे दन्त मधल्या न ची खूण. डेंटलमध्ये आज जो एन आहे, तोच. टिंबं गेली आणि लिहिणाऱ्यांचे हाल संपले, हे चांगलंच झालं. इंग्रजांनी डेटमधला बी आजपर्यंत सांभाळला आहे आणि जगभरातल्या पोरांना तो घोकायला लावला आहे. कोणतं शहाणपण मोठं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. लाल रेघा खाणाऱ्यांचं मत घेतलं तर मराठीच जिंकेल.

काही ठिकाणी मूळ हात वर करतं. लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला आणि कमरेच्या हाडाला इंग्रजीत एकच उच्चार आहे, इलियम. आतड्यात ई, हाडात आय. शस्त्रक्रियेच्या कागदावर हा फरक केवढा, हे सांगायला नको. पण मूळ शोधायला जावं तर दोन्ही शब्द एकमेकांत असे गुंतलेले, की त्यातून काही हाती लागत नाही. तिथं मुलांची युक्तीच खरी: खाण्याच्या इंग्रजी शब्दात ई, म्हणून आतड्यात ई, हिपमध्ये आय, म्हणून हाडात आय.

मराठवाड्याचा विषय निघाला की आणखी एक गोष्ट आठवायला हवी. इथल्या लोकांनी परक्या मुळांतून शास्त्र शिकण्याची ही पहिली वेळ नाही. नांदेड १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. लातूरही, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं. त्या राज्यात वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. १९१७ साली हैदराबादेत दार-उल-तर्जुमा हे भाषांतराचं खातं निघालं, पुढच्या वर्षी उस्मानिया विद्यापीठ, आणि तिथं वैद्यकसुद्धा उर्दूतून शिकवलं जाऊ लागलं. आज ट्यूशन एरियात बसलेल्या एखाद्या मुलीचे पणजोबा शाळेत त्रिकोणाला ‘मुसल्लस’ आणि कोनाला ‘ज़ाविया’ म्हणत असतील. अरबीत तीन मुळाक्षरांचा सांगाडा असतो. तो कळला की शब्दांची सगळी भावकी कळते. मुसल्लसमधले स-ल-स हे तीनचे. एक तृतीयांशाला सुलुस, तिऱ्हाईत पंचाला सालिस. त्याच घरात पुढच्या पिढीनं त्रिकोण आणि प्रकाशसंश्लेषण म्हटलं, आणि आता पणती ट्रँगल आणि फोटोसिंथेसिस म्हणते. अरबी, संस्कृत, ग्रीक. एका घरात तीन मुळं होऊन गेली, पण एका पिढीचं दुसरीच्या कामी आलं नाही.

येऊ शकलं असतं. लॅटिन म्हणून जे पाठ करतो ते सगळं लॅटिन नसतं. चिंचेचं नाव टॅमरिंडस इंडिका. हा अरबांचा ‘तम्र हिंदी’, हिंदुस्थानी खजूर. पुढं इंडिका लावल्यावर हिंद दोनदा झाला, ते लिनिअसच्या लक्षात आलं नसावं. कडुलिंबाच्या झाडाला त्यानं १७५३ साली मेलिया अझाडिरॅक्टा म्हटलं. आज अझाडिरॅक्टा इंडिका म्हणतात. नीटच्या वर्गात हे नाव आलं की हमखास स्पेलिंग चुकतं, क च्या जागी नुसता सी किंवा के पडतो, एच राहून जातो. नांदेडच्या इतवाऱ्यातल्या उर्दू शाळेत शिकलेला मुलगा त्याच बाकावर बसलेला असतो. त्याला विचारावं. फारसीत ते ‘आज़ाद दरख़्त’ आहे, आणि राहून गेलेला एच हा दरख़्तमधल्या ख़ चा आहे.